सेंट्रल आर्टरी: चालू रस्त्याखाली नवा रस्ता

अमेरिकेतील बॉस्टन शहराच्या ऐन मध्यातून जाणारा ‘सेंट्रल आर्टरी’ हा सहापदरी उन्नत महामार्ग १९५९ साली पूर्ण झाला. दिवसाला सुमारे ७५ हजार वाहने जातील असे धरून त्याची आखणी झाली होती. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यावरून दोन लाखांच्या आसपास वाहने जात होती आणि रोज आठ-दहा तास कोंडी ठरलेली होती. अपघातांचे प्रमाण अमेरिकेतील शहरी आंतरराज्य महामार्गांच्या सरासरीच्या चौपट होते. हा रस्ता पाडून त्याच पट्ट्याखाली बोगद्यातून नवा महामार्ग नेण्याचे काम १९९१ मध्ये सुरू झाले आणि २००७ च्या अखेरीस अधिकृतरीत्या संपले. ‘बिग डिग’ या नावाने ते जगभर ओळखले जाते. वाढलेला खर्च, गळती आणि एक मृत्यू यांमुळे त्याची बदनामीही भरपूर झाली. रस्तेबांधणीच्या दृष्टीने मात्र त्याचे महत्त्व वेगळ्याच गोष्टीत आहे. वर वाहता रस्ता तसाच ठेवून त्याच्या पायाखालची जमीन काढून घेण्यात आली. या प्रकल्पातल्या बहुतेक युक्त्या, बहुतेक खर्च आणि काही चुका या एकाच अटीतून आलेल्या आहेत.

जुन्या रस्त्याचे दुखणे

सेंट्रल आर्टरीची कल्पना १९४८ च्या महामार्ग आराखड्यातली, म्हणजे अमेरिकेत आंतरराज्य महामार्गांचा कायदा होण्याच्या आठ वर्षे आधीची. भरधाव वाहतुकीसाठी चढ-उतार किती अंतरावर असावेत, मुख्य प्रवाहात शिरणाऱ्या गाडीला वेग घ्यायला किती लांबी द्यावी, याचे नियम तेव्हा पक्के झालेले नव्हते. परिणामी जेमतेम अडीच किलोमीटरच्या उन्नत पट्ट्यात २७ चढ-उतार मार्ग जोडले गेले. कडेला थांबायला जागा नव्हती. एक गाडी बंद पडली तरी एक पदर बंद होई. रस्त्यावर चढणाऱ्या आणि उतरणाऱ्या गाड्या एकमेकींना सतत छेदत जात. कोंडीचे मूळ नुसत्या वाहनांच्या संख्येत नव्हते. शहरात येणारी, शहरातून जाणारी आणि शहर ओलांडून पुढे जाणारी अशी तिन्ही प्रकारची वाहतूक एकाच अरुंद रस्त्यावर आणली गेली, यात ते होते.

त्यातच शहराभोवती आखलेला ‘इनर बेल्ट’ हा वर्तुळमार्ग कधी बांधलाच गेला नाही. घरे पाडून महामार्ग काढण्याविरुद्ध १९६० च्या दशकात बॉस्टन आणि शेजारच्या केंब्रिजमध्ये मोठे आंदोलन उभे राहिले आणि १९७० मध्ये गव्हर्नर फ्रान्सिस सार्जंट यांनी महानगरातील नव्या महामार्गांना स्थगिती दिली. वर्तुळमार्गावर जाणारी वाहतूक मग मधल्या रस्त्याच्याच वाट्याला आली.

या आंदोलनामागचा राग समजण्यासारखा होता. सेंट्रल आर्टरीसाठी हजारावर इमारती पाडल्या गेल्या आणि सुमारे २० हजार माणसे उठवली गेली. इटालियन वस्तीचा नॉर्थ एंड हा भाग आणि बंदराचा किनारा, दोन्ही शहराच्या मध्यापासून तुटले. हिरव्या रंगाने रंगवलेला तो लोखंडी सांगाडा पुरा होण्याआधीच इतका नकोसा झाला की चायनाटाऊनजवळच्या दक्षिण टोकाचा भाग विरोधामुळे जमिनीखालून न्यावा लागला. हा ड्यूई स्क्वेअरचा बोगदा. पुढे त्याचाही उपयोग झाला.

१९८० च्या सुमारास या रस्त्याचे वय झाले होते. थंडीत बर्फ वितळवण्यासाठी टाकलेल्या मिठाने पोलाद गंजत होते. म्हणजे काहीही ठरवले तरी मोठी दुरुस्ती टळणार नव्हती आणि दुरुस्ती करायची तर पदर बंद ठेवावे लागणार होते. रुंदीकरण करायचे तर पुन्हा इमारती पाडायच्या. सॅन फ्रान्सिस्कोने १९८९ च्या भूकंपानंतर एम्बारकादेरोचा उन्नत मार्ग सरळ पाडून टाकला आणि जमिनीवरच्या रस्त्यावर भागवले. पण तो मार्ग अर्धवटच बांधलेला होता, पुढे कुठे जात नव्हता. बॉस्टनच्या रस्त्यावर उत्तर-दक्षिण जाणारा आंतरराज्य महामार्ग क्रमांक ९३ अवलंबून होता.

रस्ता जमिनीखाली घालण्याची कल्पना लावून धरली ती फ्रेड साल्वुची यांनी. ते एमआयटीत शिकलेले स्थापत्य अभियंता आणि पुढे गव्हर्नर मायकेल ड्युकाकिस यांच्या सरकारात राज्याचे वाहतूक सचिव झाले. एका महामार्गासाठी त्यांच्या आजीचे घर गेले होते. नव्या कामात एकही राहते घर पाडायचे नाही ही त्यांची अट होती आणि या एका अटीने मार्गाची आखणी बरीचशी ठरवून टाकली. घरे पाडायची नसतील तर नवा रस्ता जाऊ शकेल अशी एकच मोकळी पट्टी शहरात उरते: जुन्या रस्त्याच्या बरोबर खालची. व्यापारी मंडळींना त्याऐवजी विमानतळाकडे जाणारा समुद्राखालचा तिसरा बोगदा हवा होता. शेवटी दोन्ही कामे एकत्र बांधून केंद्राकडे नेण्यात आली. १९८७ मध्ये अध्यक्ष रोनाल्ड रेगन यांनी त्या निधीचे विधेयक नकाराधिकार वापरून परत पाठवले. सिनेटने तो नकार ६७ विरुद्ध ३३ मतांनी मोडीत काढला. एक मत कमी पडले असते तर बॉस्टनमध्ये बहुधा आजही ते हिरवे लोखंड उभे असते.

आधी भिंत, मग खड्डा

मुंबईप्रमाणेच बॉस्टनचाही बराचसा भाग समुद्रात भराव टाकून मिळवलेला आहे. आर्टरीचा पट्टा तर जुन्या किनाऱ्यालगतच जातो. वरच्या थरात दोन-तीन शतकांचा भराव, कुजलेले धक्के, लाकडी खुंट आणि दगडी बांध; त्याखाली मऊ निळसर चिकणमाती; त्याखाली हिमनद्यांनी आणून टाकलेला घट्ट गाळदगड आणि मग खडक. भूजलाची पातळी जमिनीच्या अगदी जवळ. अशा जमिनीत उघडा खड्डा खणला की पाणी आत येते, आजूबाजूची जमीन खचते आणि तिच्यावरच्या इमारतींना तडे जातात. इथे तर खड्ड्याच्या कडेला उंच कार्यालयीन इमारती होत्या आणि डोक्यावर चालू महामार्ग.

यावरचा उपाय म्हणजे ‘स्लरी वॉल’. भूमिगत मेट्रोच्या कामांमुळे भारतातल्या साइटवरही ‘डी-वॉल’ हा शब्द आता रुळला आहे. पद्धत तीच. आधी खड्डा आणि मग भिंत हा नेहमीचा क्रम तिच्यात उलटा होतो. जमिनीत सुमारे मीटरभर रुंदीचा अरुंद चर खणायला घेतात आणि माती जशी बाहेर निघेल तसा त्यात बेंटोनाइट या फुगणाऱ्या मातीचा पातळ गारा भरत जातात. हा गारा पाण्यापेक्षा जड असतो. तो चराच्या कडांवर दाब देतो, मातीच्या छिद्रांत शिरून कडांवर एक चिकट थर धरतो आणि चर ढासळू देत नाही. खडकापर्यंत पोचले की त्या गाऱ्यातच पोलादी तुळया उभ्या सोडतात. मग एक लांब नळ तळापर्यंत नेऊन काँक्रीट ओततात. काँक्रीट जड, म्हणून ते तळापासून वर चढत येते आणि गारा वर ढकलला जातो. तो उपसून, गाळून पुढच्या चरासाठी वापरतात. काँक्रीट घट्ट झाले की जमिनीत भिंत तयार असते आणि तिच्या आजूबाजूची माती अजून जिथल्या तिथे असते. अशा तुकड्यांना तुकडे जोडून बॉस्टनमध्ये सुमारे आठ किलोमीटर लांबीची भिंत उभी राहिली. काही ठिकाणी ती ३६ मीटरपर्यंत खोल गेली. उत्तर अमेरिकेत एका प्रकल्पात ही पद्धत एवढ्या प्रमाणावर तोवर वापरली गेली नव्हती.

अडचण डोक्यावरच्या रस्त्याची होती. चर खणणारी यंत्रे एरवी उंच क्रेनला टांगलेली असतात. उन्नत मार्गाखाली तेवढी उंची नव्हती, म्हणून कमी उंचीत चालणारी खास यंत्रे आणावी लागली आणि पोलादी तुळया तुकड्यातुकड्यांनी जोडत खाली सोडाव्या लागल्या.

भिंती तयार झाल्यावर प्रकल्पातले सर्वांत धाडसाचे काम सुरू झाले. जुन्या आर्टरीचे खांब बरोबर तिथेच उभे होते जिथे बोगदा खणायचा होता. त्या खांबांचा भार आधी दुसरीकडे न्यायला हवा होता. दोन समोरासमोरच्या स्लरी भिंतींच्या माथ्यावर, रस्त्याला आडवे असे जाडजूड पोलादी गर्डर टाकण्यात आले. जुन्या खांबाला या गर्डरवर टेकू देऊन हायड्रॉलिक जॅकने हळूहळू दाब वाढवत नेला, खांबावरचा भार पुरता गर्डरवर आला याची मापकांनी खात्री केली आणि मग खांबाचा खालचा भाग कापून काढला. त्या क्षणापासून वरचा महामार्ग आपल्या पायावर उभा नव्हता. जो बोगदा त्याची जागा घेणार होता त्याच्या भिंतींवर तो उभा होता. वर गाडी चालवणाऱ्याला यातले काही जाणवत नसे. खांबांमागून खांब असेच उतरवल्यावर जुने पाये फोडून काढता आले आणि भिंतींच्या मधली माती उपसायला वाट मोकळी झाली.

उपसणेही उघड्यावर झाले नाही. जमिनीवरचे रस्ते पोलादी तुळयांच्या तात्पुरत्या फळीवर घेतले गेले आणि त्या फळीखाली खोदाई चालू राहिली. जसजसा खड्डा खोल जाई तसतशा दोन्ही भिंती एकमेकींकडे झुकू नयेत म्हणून मधे आडवे पोलादी आधार घातले जात. म्हणजे १९९० च्या दशकाच्या अखेरीस या पट्ट्यात तीन मजली वर्दळ होती: वर महामार्ग, मधे फळीवरचा शहरी रस्ता, खाली खोदाई.

याच्याही आधीचे काम कोणाच्या नजरेत भरत नाही, पण त्यात काही वर्षे गेली. पट्ट्याखालून गॅस, पाणी, सांडपाणी, वाफ, वीज आणि टेलिफोन यांच्या वाहिन्यांचे जाळे गेले होते. त्यांतल्या काही इतक्या जुन्या होत्या की कुठल्याच नकाशात नव्हत्या. तीसेक संस्थांच्या मिळून सुमारे ४७ किलोमीटर वाहिन्या कडेला हलवल्या गेल्या. खोदकामाने बिळे उघडी पडून उंदीर वस्तीत शिरतील या भीतीने उंदीर मारण्याची मोहीमही काम सुरू होण्याआधीच हाती घेतली गेली आणि ती चांगली साधली. पुरातत्त्वज्ञांनाही आधी खोदाईची संधी मिळाली. क्रॉस स्ट्रीटजवळ १७व्या शतकातल्या कॅथरीन नॅनी नेलर या बाईच्या घरामागचा शौचखड्डा सापडला आणि त्यातून लाकडाचा कातीव चेंडू निघाला. उत्तर अमेरिकेत सापडलेला तो सर्वांत जुना बोलिंगचा चेंडू मानला जातो. कडक धार्मिक शिस्तीच्या त्या वसाहतीत अशा खेळांना बंदी असे, त्यामुळे चेंडू तिथे कसा पोचला याचा अंदाज बांधता येतो.

गाड्यांच्या वर आणि गाड्यांच्या खाली

शहराखाली मेट्रोच्या गाड्या आधीच धावत होत्या. नव्या महामार्गाला ब्लू लाइनच्या वरून आणि रेड लाइनच्या खालून जावे लागले. ब्लू लाइनचा बोगदा खोल आहे. तिथे महामार्गाचे छत रस्त्याच्या पृष्ठभागाला जवळजवळ भिडते. तेथून दक्षिणेला जाताना उतार लागतो आणि साऊथ स्टेशनपाशी महामार्ग रेड लाइनच्या स्थानकाखाली सुमारे ३६ मीटर खोल जातो. १९१६ च्या त्या स्थानकाखाली आधी लहान बोगदे खणून त्यांत काँक्रीट भरले, त्यांवर आडव्या तुळया घातल्या आणि स्थानक एका टेबलासारख्या चौकटीवर उचलून धरले. मग टेबलाखालची माती काढली. वर मेट्रो नेहमीप्रमाणे चालू होती. दक्षिणेकडे जाणाऱ्या वाहतुकीसाठी मात्र ड्यूई स्क्वेअरचा जुना बोगदाच डागडुजी करून वापरला गेला.

पूर्व-पश्चिम जाणारा महामार्ग क्रमांक ९० विमानतळापर्यंत वाढवायचा होता. बंदराखालचा ‘टेड विल्यम्स’ बोगदा हा त्यातला सर्वांत सोपा भाग ठरला. बाल्टिमोरच्या जहाज कारखान्यात बनवलेल्या बारा पोलादी नळ्या समुद्रातून ओढत आणल्या, तळाशी खणलेल्या चरात बुडवल्या आणि जोडल्या. १९९५ च्या डिसेंबरात तो व्यावसायिक वाहनांसाठी खुला झाला. खरी कसोटी लागली ती किनाऱ्याच्या अलीकडे, फोर्ट पॉइंट चॅनेल या अरुंद खाडीत. खाडीवरचे पूल इतके ठेंगणे की पोलादी नळ्या तरंगत आणणे अशक्य. म्हणून खाडीच्या काठालाच सुमारे ३०० मीटर लांब, ९० मीटर रुंद आणि १८ मीटर खोल असा कोरडा हौद खणला, त्यात काँक्रीटच्या पोकळ पेट्या ओतल्या, पाणी सोडून त्या तरंगवल्या आणि जागेवर नेऊन बुडवल्या. सर्वांत मोठी पेटी सुमारे ५० हजार टनांची होती. ती जिथे बसवायची त्याच्या अगदी थोड्या अंतराखाली रेड लाइनचा जुना बोगदा होता आणि त्याला एवढा भार पेलला नसता. त्यामुळे खडकात रोवलेल्या शंभरावर काँक्रीटच्या खांबांवर पेट्या टेकवल्या. खालच्या बोगद्यावर त्यांचे वजन येतच नाही.

तिथून थोडे पश्चिमेला रेल्वेचे रूळ आडवे आले. साऊथ स्टेशनात येणाऱ्या या रुळांवरून दिवसाला सुमारे ४०० गाड्या आणि ४० हजार प्रवासी जात. रूळ हलवणे शक्य नव्हते. खाली जमीन होती ती भरावाची, पाण्याने भिजलेली, दगडी बांधांनी आणि लाकडांनी भरलेली. तिच्यात आडवा बोगदा खणायला घेतला असता तर रूळ खचले असते.

म्हणून जमीन गोठवली. रुळांच्या मधल्या जागेत शेकडो पोलादी नळ्या उभ्या रोवल्या आणि त्यांतून शून्याच्या बऱ्याच खाली थंड केलेले मिठाचे पाणी महिनोन्महिने फिरवत ठेवले. हळूहळू मातीतले पाणी गोठून भराव, लाकूड, दगड सगळे एकसंध कठीण झाले. पाणी गोठताना फुगते, त्यामुळे रूळ किंचित वर येत; ते वेळोवेळी सारखे करावे लागत. रुळांच्या बाजूला खणलेल्या खड्ड्यांत तीन भल्यामोठ्या काँक्रीटच्या पेट्या ओतून ठेवल्या होत्या. सर्वांत लांब पेटी सुमारे ११५ मीटरची. तिच्या तोंडाशी कामगार यंत्राने गोठलेली माती मीटरभर तासत आणि मागून बलाढ्य जॅक पेटी तेवढीच पुढे ढकलत. मग पुन्हा तासणे, पुन्हा ढकलणे. गोठवलेल्या जमिनीतून बोगद्याच्या पेट्या अशा प्रकारे ढकलण्याचे एवढे मोठे काम उत्तर अमेरिकेत त्याआधी झालेले नव्हते. वरून लोकल गाड्या वेळापत्रकानुसार जात राहिल्या. पुस्तकांत आणि माहितीपटांत झाकिम पुलाचे फोटो सर्वत्र दिसतात, पण या प्रकल्पातला अभियंत्यांचा सर्वांत मोठा पराक्रम कुठला असे विचारले तर या पेट्यांकडेच बोट दाखवावे लागेल. त्या कोणालाच दिसत नाहीत.

झाकिम पूल उत्तरेकडे चार्ल्स नदीवर आहे. स्विस अभियंता क्रिस्टियान मेन यांच्या कल्पनेतून उतरलेल्या या केबलच्या पुलावर दहा पदर आहेत. आठ मनोऱ्यांच्या मधून आणि दोन पूर्वेला बाहेर काढलेले. या जागी आधी ठरवलेला ‘स्कीम झेड’ हा रॅम्पांचा प्रचंड गुंता लोकांनी हाणून पाडला होता, त्यातून हा देखणा पूल मिळाला. ऑक्टोबर २००२ मध्ये सर्कशीचे १४ हत्ती त्यावरून चालवत नेले गेले. अभियंत्यांना त्याची गरज नव्हती, लोकांना मात्र तो पुरावा पटण्यासारखा होता.

सगळ्या खोदाईतून १ कोटी २० लाख घनमीटरच्या आसपास माती निघाली. त्यातली पुष्कळशी राज्यातील कचराभूमी झाकायला गेली. बंदरातल्या स्पेक्टॅकल बेटावर शहराने वर्षानुवर्षे कचरा टाकला होता. त्यावर या मातीचा जाड थर देऊन झाडे लावली गेली आणि २००६ मध्ये ते बेट उद्यान म्हणून लोकांना खुले झाले.

मार्च २००३ मध्ये उत्तरेकडची आणि डिसेंबरमध्ये दक्षिणेकडची वाहतूक बोगद्यात उतरली. त्यानंतरच जुना सांगाडा कापून काढण्यात आला. बांधायला लागला त्याच्या मानाने तो फार लवकर नाहीसा झाला.

खर्च, पाणी आणि छत

१९८२ मधला अंदाज २.८ अब्ज डॉलरचा होता. प्रत्यक्ष खर्च १४.८ अब्ज डॉलरच्या आसपास गेला. या दोन आकड्यांची सरळ तुलना नेहमी केली जाते आणि ती थोडी फसवी आहे. मधल्या काळात महागाई झाली. १९८२ च्याच किमतींत मोजले तर अखेरचा आकडा ८ अब्जांच्या पुढे जातो. तरीही तो तिपटीच्या जवळ आहेच. पहिल्या अंदाजात पुष्कळ गोष्टी धरलेल्याच नव्हत्या. शेजाऱ्यांना, पर्यावरणवाद्यांना, रेल्वेला आणि वाहनचालकांना दिलेल्या आश्वासनांचा वाटा मोठा होता: रात्रीच्या आवाजावर मर्यादा, तात्पुरते रस्ते, वाहतूक चालू ठेवणे, पुलाचा नवा आराखडा. रस्ता बंद ठेवून बांधला असता तर यातले बरेच पैसे वाचले असते. शहराचे मात्र काय झाले असते हे सांगता येत नाही.

खर्च लपवण्याचे समर्थन मात्र कशानेच होत नाही. फेब्रुवारी २००० मध्ये १.४ अब्ज डॉलरची वाढ अचानक जाहीर झाली, चौकशी झाली आणि एप्रिलमध्ये प्रकल्पाच्या प्रमुखाला पद सोडावे लागले. केंद्राने आपला हिस्सा साडेआठ अब्ज डॉलरच्या आसपास गोठवून टाकला. उरलेला बोजा राज्यावर आणि टोलवर आला. पर्यावरण मंजुरीच्या बदल्यात कबूल केलेल्या सार्वजनिक वाहतुकीच्या कामांचे कर्जही बॉस्टनच्या मेट्रो-बस संस्थेच्या माथी बसले आणि ती संस्था पुढे अनेक वर्षे त्याखाली दबून राहिली. रस्त्याच्या कामाचा भुर्दंड बस-मेट्रोने जाणाऱ्यांनी भरावा, हे या प्रकल्पातले कमी बोलले गेलेले वैगुण्य आहे.

सप्टेंबर २००४ मध्ये बोगद्याच्या भिंतीतून पाण्याचा लोट आत आला. स्लरी भिंतीच्या एका तुकड्यात काँक्रीट ओतताना दोष राहिला होता. तपासणीत छत आणि भिंती यांच्या सांध्यांत शेकडो बारीक गळत्या आढळल्या. याचे मूळ आखणीत सापडते. स्लरी भिंत सहसा खोदाईपुरता आधार म्हणून वापरतात आणि तिच्या आत जलरोधक पडदा घालून बोगद्याची वेगळी भिंत बांधतात. बॉस्टनच्या अरुंद पट्ट्यात तेवढी रुंदी परवडणारी नव्हती, म्हणून तीच भिंत कायमची ठेवली गेली. भिंतीच्या प्रत्येक सांध्यावर मग बाहेरच्या पाण्याचा थेट दाब आला.

१० जुलै २००६ च्या रात्री त्याहून गंभीर गोष्ट घडली. टेड विल्यम्स बोगद्याकडे जाणाऱ्या मार्गात छताच्या काँक्रीटच्या फळ्या, त्यांच्या पोलादासह सुमारे २४ टन वजनाच्या, एका मोटारीवर कोसळल्या आणि एक महिला ठार झाली. या फळ्या मूळ छताला टांगलेल्या होत्या. वरच्या पोकळीतून हवा खेळवण्यासाठी त्यांची योजना होती. टांगणारे बोल्ट काँक्रीटमध्ये इपॉक्सीने चिकटवलेले होते. राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाच्या तपासात कारण स्पष्ट झाले: लवकर सुकणारी इपॉक्सी वापरली गेली होती आणि ती सतत भाराखाली मुंगीच्या पावलाने ताणली जाते. बोल्ट बसवल्यावर घेतलेल्या थोड्या वेळाच्या चाचणीत ती पास होते. वर्षानुवर्षे लोंबकळणाऱ्या वजनाखाली हळूहळू सुटत जाते. १९९९ मध्येच जवळच्या एका भागात काही बोल्ट सरकलेले दिसले होते. ते बदलले गेले, पण ते का सरकले याचा छडा लावला गेला नाही आणि नियमित तपासणीही झाली नाही. छत वरून मोकळे लोंबकळत असेल तर वेळोवेळी कोणीतरी शिडी लावून बोल्ट पाहायला हवेत, एवढी साधी गोष्ट १४ अब्जांच्या कामात राहून गेली. २००८ मध्ये प्रकल्पाचे व्यवस्थापन करणारा कंपनीसमूह आणि इतर कंपन्यांनी मिळून ४५ कोटी डॉलरहून अधिक रक्कम देऊन तडजोड केली.

देखभालीचा प्रश्न तिथेच संपला नाही. फेब्रुवारी २०११ मध्ये बोगद्यातला ५० किलो वजनाचा एक दिवा रस्त्यावर पडला. सुदैवाने कोणाला लागला नाही. दिव्याच्या ॲल्युमिनियमला पोलादी चाप बसवलेले होते आणि गाड्यांबरोबर येणाऱ्या खारट ओलीत दोन धातूंच्या सांध्याशी गंज धरला होता. शेवटी सुमारे २५ हजार दिवे बदलावे लागले. पाणी उपसणारे पंप, हवा खेळवणाऱ्या इमारती, दिवे, आग विझवण्याची व्यवस्था, या सगळ्याला चोवीस तास वीज आणि माणसे लागतात. उन्नत रस्त्याला यातले जवळजवळ काहीच लागत नव्हते.

काय मिळाले

टोल प्राधिकरणासाठी २००६ मध्ये झालेल्या अभ्यासानुसार, शहराच्या मध्यातून उत्तरेकडे जायला संध्याकाळच्या गर्दीत पूर्वी साडेएकोणीस मिनिटे लागत. ती तीन मिनिटांच्या आत आली. चढ-उतारांची संख्या कमी केल्याने आणि पदर वाढवल्याने हे घडले. रस्ता जमिनीखाली गेला म्हणून नव्हे, हे लक्षात घ्यायला हवे. दोन वर्षांनी ‘बॉस्टन ग्लोब’ने पाहणी केली तेव्हा चित्राची दुसरी बाजू पुढे आली. मधला अडथळा दूर झाल्यामुळे अधिक गाड्या येऊ लागल्या होत्या आणि कोंडी शहराबाहेरच्या, न बदललेल्या महामार्गांवर सरकली होती. काही उपनगरवासीयांचा एकूण प्रवास पूर्वीपेक्षा लांबला होता.

जमिनीवरचा बदल मात्र निर्विवाद आहे. सांगाडा होता तिथे सुमारे अडीच किलोमीटर लांबीची बागांची माळ झाली आणि २००८ मध्ये तिचे ‘रोझ केनेडी ग्रीनवे’ म्हणून उद्घाटन झाले. रोझ केनेडी यांचा जन्म नॉर्थ एंडमधलाच. नॉर्थ एंडमधून शहराच्या मध्यात किंवा किनाऱ्याला आता सरळ चालत जाता येते. आजूबाजूच्या जागांचे भाव चढले, ज्या इमारतींची पाठ रस्त्याकडे होती त्यांनी बागेकडे दारे उघडली. मोकळ्या जागेत संग्रहालय, सांस्कृतिक केंद्र आणि क्रीडाकेंद्र अशा इमारती उभारण्याचे मूळ आराखड्यात होते. त्यांतल्या काही बोगद्याच्या चढ-उतार मार्गांच्या तोंडावरच बांधून ती तोंडे झाकायची होती. पण रॅम्पवर छत घालून त्यावर इमारत चढवण्याचा खर्च कोणत्याच संस्थेला पेलला नाही. त्या इमारती झाल्या नाहीत आणि बागांच्या मधे काही जागी ही तोंडे अजून उघडीच आहेत.